मातीला हात लावू नकोस

मिकिओनची बोटं पहिल्यांदा अडली तेव्हा चाकावर एक बुधली होती. थडग्यावर तेल ठेवायला लोक नेतात ती, पांढरी, उंच मानेची. मान वर ओढताना अंगठा वळायलाच तयार होईना. त्याने दातओठ खाऊन जोर लावला, तशी बुधली एका बाजूला कलंडून चाकावरच बसली. त्याने ती माती गोळा केली, पुन्हा मळली, पुन्हा चाकावर टाकली. पुन्हा तेच झालं.

सगळा जन्म ओल्या, गार मातीत घालवला की बोटांचं हे असंच होतं. अथेन्सच्या कुंभारवाड्यात अशा बोटांचे म्हातारे दारोदार बसलेले दिसतात, आणि त्यांची मुलं आत चाक फिरवत असतात. म्हाताऱ्याने बाहेरून ओरडायचं, 'अरे, भट्टी तापली नाही अजून, घाई कसली तुला,' आणि दुपार झाली की आतून येणारी सातूची भाकरी आणि मसुरीचं कालवण गुमान खायचं. यात कोणाला उपकार वाटत नाहीत. मिकिओनच्या आत मात्र चाक फिरवणारं कोणी नव्हतं. मुलगा होता, एकुलता एक, धडधाकट. पण त्या मुलाने जन्मात एक साधी पणती केली नव्हती.

केली नव्हती म्हणण्यापेक्षा करू दिली नव्हती म्हणावं. खारिनोस लहान असताना मातीच्या ढिगाशी जाऊन बसायचा, कुंभारांची सगळीच पोरं बसतात तसा. मिकिओन त्याला बखोटीला धरून उठवायचा. "मातीला हात लावू नकोस," म्हणायचा. एकदा पोराने चोरून एक वाटी केली, वाकडीतिकडी, आणि मोठ्या हौसेने बापाला दाखवायला आणली. मिकिओनने ती त्याच्यादेखत पायाखाली तुडवली आणि त्याच्या तळहातांवर ओल्या वेताने मारलं. पोराची आई, मिरिने, रडली. शेजारच्या भट्टीवरून स्त्राटोन धावत आला. मिकिओनला मात्र त्या दिवशी आपण बाप म्हणून फार मोठं काम केलं असं वाटलं.

त्याच्या डोक्यात हे कुठून आलं, ते सांगायला हवं. तरुणपणी तो एकदा टेकडीवरच्या नगरसभेत बोलायला उभा राहिला होता. वेशीजवळचा पाण्याचा पाट फुटला होता आणि कुंभारवाड्याचे हाल चालले होते, इतकंच त्याला सांगायचं होतं. बोलायचा हक्क त्या गावात सगळ्यांना आहे. पण पहिल्याच वाक्यात त्याची जीभ अडखळली, आणि मागून कोणीतरी ओरडलं, "ए चिखल्या, आधी हात धुऊन ये!" सगळी टेकडी हसली. तो खाली बसला आणि पुन्हा कधी उभा राहिला नाही. आपल्याला हसले ते हसले, आपल्या मुलाला हसता कामा नये, एवढं त्याने त्या दिवशी ठरवलं.

म्हणून खारिनोसला अक्षरं आली, वीणा आली, आखाड्यातली कुस्ती आली. पुढे समुद्रापलीकडून एक गुरुजी आले, बोलायची विद्या शिकवणारे. श्रीमंतांची पोरं त्यांच्याभोवती गोळा व्हायची. मिकिओनने एक चाक विकलं, मग भट्टीतला हिस्सा विकला, मग सितास नावाचा थ्रेसचा गुलाम विकला, जो मातीला त्याच्याइतकंच ओळखायचा. श्रीमंत घरच्या पोराबरोबर शाळेत सोबतीला एक नोकर असतो, वीणा आणि पाट्या उचलायला. मिकिओनकडे आता नोकर उरला नव्हता. तो स्वतःच वीणा खांद्याला लावून मुलामागून चालायचा आणि धडा संपेपर्यंत भिंतीशी उभा राहायचा.

एक दिवस एका पोराने विचारलं, "हा तुमचा नोकर का रे?" खारिनोस गप्प राहिला, त्याचे कान लाल झाले. परतताना मिकिओन त्याला म्हणाला, "अरे, हो म्हणायचं! त्यात काय एवढं? तुझं काम झालं म्हणजे झालं." दुसऱ्या दिवशी मुलगा हो म्हणाला. मिकिओन भिंतीशी उभा राहून ते ऐकत होता, आणि वेडा मनातून खूश झाला.

स्त्राटोनने त्याला तेव्हाच सावध केलं होतं. "लेका, कायदा तरी आठव," तो म्हणाला होता. "बापाने मुलाला हातचा धंदा शिकवला नाही, तर म्हातारपणी मुलाने त्याला पोसायचं बंधन नाही. आजोबांच्या आजोबांपासून चालत आलाय. दोन घागरी तरी शिकव त्याला, कायद्यापुरत्या!"

"माझा मुलगा काय मला कायद्यासाठी पोसणारेय?" मिकिओन हसला होता.

आता बोटं गेली होती आणि मिरिने कधीच गेली होती. खारिनोसने शहराच्या चांगल्या बाजूला लग्न करून घर केलं होतं. सभेत तो अजून बोलायला उभा राहिला नव्हता, त्याची तयारी चालली होती. तोवर तो दुसऱ्यांसाठी भाषणं लिहायचा. अथेन्सच्या कोर्टात वकील नसतो. ज्याचं भांडण त्यानेच उभं राहून बोलायचं. मग ज्याला बोलता येत नाही तो गुपचूप लिहून घेतो, पाठ करतो आणि आपलंच म्हणून म्हणतो. लिहिणारा कोण, हे कोणी सांगत नाही. विकतचे शब्द म्हटले की निवाडा करणारे न्यायसभेचे लोक नाक मुरडतात. खारिनोसचं नाव अशा कितीतरी घरांत माहीत होतं आणि चारचौघांत कोणाच्याच तोंडी नव्हतं.

सुरुवातीला तो नोकराबरोबर सातूचं पीठ पाठवायचा. नोकर गोणी दाराशी टाकून तोंड फिरवून जायचा. मिकिओन त्यालाही विचारायचा, "कसा आहे तो? नवीन काय लिहितोय?" नोकर म्हणायचा, "मला काय ठाऊक."

मग एका संध्याकाळी त्याला राहवलं नाही. तो मुलाच्या दारी गेला. आत पाहुणे होते, सासरा होता, द्राक्षमद्याचे पेले फिरत होते. दारातल्या म्हाताऱ्याकडे बघून एकाने विचारलं, "हा कोण?" आणि खारिनोस मान न वळवता म्हणाला, "आमचा जुना नोकर. द्या रे काहीतरी त्याला."

इतक्या वर्षांनी तेच वाक्य. पण तेव्हा ते मुलाच्या शिक्षणासाठी होतं, आता कशासाठी? मिकिओनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "नोकर नाही," तो सगळ्यांसमोर म्हणाला, "बाप आहे मी त्याचा. चाकावर बसून वाढवलाय त्याला." पेले थांबले. सासऱ्याने घसा खाकरला. त्या दिवसापासून पीठ बंद झालं.

चार दिवस शेजाऱ्यांच्या ऑलिव्हवर काढून मिकिओन पुन्हा गेला, या वेळी सकाळी. खारिनोसने त्याला आत घेतलं नाही. अंगणाच्या दारातच दोघे उभे राहिले.

"मी तुझ्या दाराशी येणार नाही परत," मिकिओन म्हणाला. "पीठ तेवढं पाठव. हात चालत नाहीत रे."

"तुम्ही माझ्या सासऱ्यासमोर माझं हसं केलंत, बाबा."

"तू मला नोकर म्हणालास!"

"कोणी शिकवलं म्हणायला?" खारिनोसचा आवाज चढला नाही. त्याला आवाज चढवावा लागतच नसे. "मी पोर होतो. मला सांगायचं होतं, हे माझे बाबा आहेत, सगळ्यात सुंदर बुधल्या करतात. तुम्ही म्हणालात, नोकर सांग. तुमची लाज वाटून घ्यायला तुम्हीच शिकवलंत मला, वेत हातात घेऊन. मला तर शिकायचंही नव्हतं ते. आता मी शिकलोय, तर वापरू कोणावर?"

मिकिओनला फक्त वाटलं, किती छान बोलतो हा.

"मी कोर्टात जाईन," तो शेवटी म्हणाला. "आईबापाला उपाशी ठेवणाऱ्याचं काय होतं माहीत आहे ना? सगळे हक्क जातील. सभेत तोंड उघडता येणार नाही, चौकात पाऊल ठेवता येणार नाही. जन्मभर मुका होशील."

"जा," खारिनोस म्हणाला. "कायदा मलाही येतो." आणि दार लावून घेतलं.

मिकिओन गेला. रागाने गेला हे खरं, पण पोटानेही गेला. अधिकाऱ्यासमोर तक्रार सांगितली, दिवस ठरला. एकीकडे स्वतःची भाकरी आणि दुसरीकडे मुलाची जीभ, असं ते भांडण होतं, आणि दोन्ही त्यानेच कमावलेली होती. ज्या रात्री पोटात काही पडायचं नाही त्या रात्री त्याला जिंकावंसं वाटायचं. सकाळी मिरिनेचा चेहरा आठवला की वाटायचं, हरलेलंच बरं. पण सकाळीही भूक लागायचीच.

"मुद्दा एकच आहे," स्त्राटोन म्हणाला. दोघं स्त्राटोनच्या भट्टीशी शेकत बसले होते. "तू त्याला धंदा शिकवलास की नाही. तो म्हणणार, नाही शिकवला. मडकं तर त्याला येत नाही."

"भाषणं लिहून खातो ना? मग तो धंदाच झाला. गुरुजींकडे मी घातला. म्हणजे मीच शिकवला."

स्त्राटोनने कौतुकाने त्याच्याकडे पाहिलं. "हे बरं सुचलं तुला."

"पण कोणीतरी सांगायला हवं की तो लिहितो म्हणून. तुझ्या भिंतीच्या भांडणाचं भाषण त्यानेच लिहिलं होतं. तू सांग."

स्त्राटोन लाकूड सारखं करू लागला. बराच वेळ ते सारखं होईना. "मिकिओन, मी जिंकलो ते साधाभोळा कुंभार म्हणून. 'मला बोलता येत नाही, भाऊ हो,' अशी सुरुवात होती, आठवतं? लोकांचे डोळे पाणावले. आता मी उठून सांगू, की ते रडं विकत आणलं होतं? तो शेजारी उद्या माझ्यावर उलटेल. भिंत जाईल, वर खोटारडा ठरेन."

"माझं पोट जातंय, स्त्राटोन."

"भाकरी माग, देईन," स्त्राटोन खाली बघत म्हणाला. "हे मागू नकोस."

मिकिओनने भाकरी मागितली नाही. कुंभारवाड्यात कोणाकडे हात पसरलेला माणूस म्हणून त्याला मरायचं नव्हतं. शेजारच्या बायका आपणहून ताटली ठेवून जायच्या तेव्हाही तो आधी दुसरीकडे बघायचा. खारिनोसच्या बाकीच्या गिऱ्हाइकांकडेही तो जाऊन आला. एकाने ओळख दाखवली नाही, दुसऱ्याने कुत्रं सोडलं.

खटल्याच्या दिवशी न्यायसभेचे लोक बाकांवर दाटीवाटीने बसले होते. बरेचसे म्हातारेच, कोणी कांदा खात होता, कोणी आधीच पेंगत होता. अथेन्सच्या म्हाताऱ्यांना निवाडा करण्याइतकी मौज दुसऱ्या कशात येत नाही. मिकिओनला बरं वाटलं. म्हातारे म्हाताऱ्याचं ऐकतील.

त्याने भाषण लिहून घेतलं नव्हतं. कोणाकडून घेणार? ज्याच्याकडे सगळे जातात तो समोर उभा होता. "अथेन्सकरांनो," तो म्हणाला, आणि टेकडीवर अडखळली होती तशीच जीभ अडखळली. मग त्याने बोलणं सोडलं आणि हात वर केले. गाठी पडलेली, एकमेकांवर चढलेली बोटं. "हे बघा," एवढंच म्हणाला. "यांनी मी मुलगा वाढवला. आता यांनी भाकरीही मोडता येत नाही. मुलगा देत नाही."

बाकांवर चुळबुळ झाली. "अरेरे," कोणीतरी म्हणालं. कांदा खाणारा थांबला. मुलाला काय काय शिकवलं ते मिकिओनने सांगितलं, वीणा, अक्षरं, गुरुजी. "तो बोलायचा धंदा करतो, तो मी दिला," म्हणाला आणि खाली बसला. आपण जिंकतोय असं त्याला वाटलं, आणि त्याने मुलाकडे बघायचं टाळलं.

मग खारिनोस उठला. अंगावर जाडाभरडा मळका अंगरखा, केस विस्कटलेले. तो पुढे आला, तोंड उघडलं, आणि काही बोललाच नाही. मग "मी... मी..." म्हणाला आणि मान खाली घातली.

"बोल रे बाबा, खाणार नाही तुला!" मागून एक जण ओरडला. हशा झाला.

"मला येत नाही," खारिनोस म्हणाला. "बोलायला. बाबा म्हणतात, येतं. त्यांनी पाठवलं होतं शिकायला. मी... तिथली पोरं मोठ्या घरची होती. माझ्या डोक्यात काही शिरलं नाही." तो थांबला. नाक पुसलं. "बाबा चिडणार नसतील तर एक सांगतो. मी लहान असताना एक वाटी केली होती. मातीची. वाकडी झाली होती जराशी. त्यांना दाखवायला आणली. त्यांनी ती पायाखाली घातली." आता कोणी हसत नव्हतं. "आणि माझ्या हातांवर मारलं. मातीला हात लावू नकोस म्हणाले. मी नाही लावला मग. बापाचं ऐकायचं असतं."

मुलगा जिथे थांबला होता, तिथेच थांबायला गुरुजींनी शिकवलं होतं. मिकिओनने भिंतीशी उभं राहून तो धडा वर्षानुवर्षं ऐकला होता. आवाज खाली आणा, त्यांना पुढे वाकू द्या, मग थांबा. बाकांवरचे म्हातारे पुढे वाकलेले होते.

"आत्ता बाबांनी हात दाखवले," खारिनोस म्हणाला. "तुम्ही पाहिलेत. किती काम केलंय त्या हातांनी. सबंध शहराच्या थडग्यांवर त्यांच्या बुधल्या आहेत. तुमच्या कोणाच्या आईच्या थडग्यावरही असेल." मग त्याने स्वतःचे हात पुढे केले. गोरे, मऊ, रिकामे. "आणि हे माझे. त्यांच्याकडे एवढं होतं. मला त्यातलं काही दिलं नाही. मी कुठून देऊ?"

एक म्हातारा डोळे पुसू लागला.

"खोटं आहे!" मिकिओन उठून ओरडला. "तो नाटक करतोय! त्याच्याइतकं कोणाला बोलता येत नाही! तुमच्यातल्या कितीतरी जणांना त्याने भाषणं लिहून दिलीत, विचारा!"

"कोणाला? नाव घे!" बाकांवरून आरडाओरडा झाला. "हा बोलतो? याला धड नाक पुसता येत नाही!" "म्हाताऱ्या, स्वतःच्या पोराला खोटं पाडतोस?"

मिकिओनने गर्दीकडे पाहिलं. कठड्याबाहेर स्त्राटोन उभा होता. त्याने मान खाली घातली आणि वर केली नाही.

मतं पडली. दोन हंड्यांतल्या चकत्या मोजायला फार वेळ लागला नाही. मुलावर बापाला पोसायचं बंधन नाही, असा निवाडा झाला. खारिनोस खाली बघतच बाहेर पडला. दारात त्याचा सासरा थांबला होता. दोघे वळून चौकाकडे गेले आणि दिसेनासे झाले.

एक म्हातारा पंच जाताजाता मिकिओनपाशी थांबला. "वाईट वाटतं हो," तो म्हणाला, "पण काहीतरी शिकवायला हवं होतंत पोराला. पार वाया गेलाय बिचारा." मिकिओन जाऊन बाहेरच्या पायरीवर बसला.

गर्दी पांगली तेव्हा स्त्राटोन जवळ आला. त्याच्या खांद्याला कामावर न्यायची पडशी होती. "मिकिओन," तो म्हणाला, "मला शिव्या घाल. पण असा गप्प बसू नकोस."

मिकिओन शिव्या देत नव्हता. त्याचे डोळे लकाकत होते, ताप चढल्यासारखे. "पाहिलंस तू?" तो म्हणाला. "हातांवर कसं आणलं त्याने? मी हात वर करणार हे त्याला माहीत होतं रे. मला बोलता येणार नाही, मग मी हातच दाखवणार, हे त्याने घरी बसून ठरवलं होतं. म्हणजे माझं भाषणसुद्धा त्यानेच लिहिलं की! आणि वाटीपाशी कसा थांबला! एखादा वाहवत गेला असता, रडला असता. हा नाही रडला. लोकांना रडवलं." त्याला धाप लागली होती. "सगळ्यांना वाटलं, याला काही येत नाही. एवढी मोठी सभा, आणि एकालाही कळलं नाही. मला एकट्याला कळलं. सगळ्या अथेन्समध्ये दुसरा कोणी दाखव असं करणारा."

स्त्राटोन त्याच्या शेजारी पायरीवर बसला.

मिकिओनने स्वतःचे हात मांडीवर उलटे करून ठेवले. बोटं पूर्ण उघडत नव्हती. "स्त्राटोन," तो मघापेक्षा हळू आवाजात म्हणाला, "त्या पडशीत भाकरी आहे का रे? मोडून दे मला."